हळदीच्या दिवशी सापडलेला गावदेव

नोकरीत कितीतरी गुन्ह्यांचे तपास केले, पण मिठागरांच्या त्या गावातली चोरी मनातून कधी पुसली गेली नाही. तुम्ही नातवंडं संग्रहालयांतल्या जुन्या दगडांबद्दल विचारता, म्हणून ती लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुंबईजवळ द्रोणागिरी डोंगराच्या बाजूला नव्या शहरासाठी भराव पडू लागले होते. मी तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होते. मे महिन्यातल्या एका सकाळी पुरातत्त्व खात्याचा एक तरुण अधिकारी धापा टाकत आला. गावाबाहेरच्या चौथऱ्यावर एक शिलालेख होता. वर चंद्र-सूर्य, खाली अक्षरांच्या ओळी. गावकरी त्याला गावदेव म्हणून पुजत. त्या अधिकाऱ्याने वरच्या अर्ध्या लेखाचा कागदावर ठसा घेतला होता. उरलेला घ्यायला आला, तर चौथरा रिकामा.

"मॅडम, याची दुसरी नक्कल कुठेच नाही. दगड गेला तर अर्धा लेख कायमचा गेला."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. दुपारी खबऱ्याने सांगितलं, आदल्या संध्याकाळी चौथऱ्याजवळ भरावाचा एक डंपर बराच वेळ उभा होता. चालकाला ठाण्यात आणलं.

"गाडी तिथे का थांबवलीस?"

"पंक्चर झाली ना मॅडम."

"आणि दगड?"

"आमाला मातीचं भाडं भेटतं. देवाचं भाडं कोन देनार?"

हवालदार हसला. मी पंक्चरवाल्याकडे खात्री करून घेतली आणि चालकाला चहा पाजून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला आणि त्या अधिकाऱ्याला घेऊन जबाब घ्यायला गावात गेले, तर एका घरी हळद लागत होती. ढोल, गाणी, हसणं-खिदळणं. मला ते खटकलं. चोरी झालेल्या घरात माणसं सारखी तोच विषय काढतात, एकमेकांवर चिडतात. इथे देव गेला होता आणि कोणाच्याही कपाळावर आठी नव्हती. गावच्या रीतीप्रमाणे पहिली हळद गावदेवाला वाहतात, हे मला ठाऊक होतं. हळदीचं ताट घेतलेल्या बायका मात्र चौथऱ्याकडून नव्हे, मिठागराकडून परतत होत्या.

मी बांधावरून चालत गेले. मिठाच्या राशी गवताने शाकारलेल्या होत्या. एका राशीच्या गवतावर पिवळी बोटं उमटली होती.

हवालदाराला रास उकरायला सांगितलं, तशी मागोमाग आलेली नवरदेवाची आजी पुढे झाली. "बाय, चोर कोनी नाय. ह्यो पोरगा ओला कागद लावून देवाचं माप घेत व्हता. उद्या उचलून मुंबईला नेला असता. म्हनून आमीच लपवला."

"पण मिठात?"

"मंग? मिठात म्हावरं टिकतं, देव नाय टिकनार?"

पुरातत्त्ववाला कळवळून ओरडला, "आजी, मीठ दगडात मुरतं. मग सुकताना अक्षरांचे पापुद्रे सुटतात!"

म्हातारीचा चेहरा उतरला. पुढच्याच क्षणी ती घराकडे तोंड करून ओरडली, "पोरींनो, लग्नाचं पानी आना गं! सगलं आना!"

त्या गावात गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे. राशीतून दगड बाहेर काढला आणि पंगतीसाठी भरून ठेवलेले हंडे एकामागून एक त्यावर रिते झाले. तो अधिकारी गुडघ्यांवर बसून एकेका ओळीवरून बोट फिरवत होता. शेवटच्या ओळीपर्यंत पोचला आणि मोठ्याने म्हणाला, "आहे! सगळं आहे!"

मीठ नीट निघावं म्हणून पुढचे काही दिवस तो अधिकारी दगड धूत राहिला. मग गड्यांनी बांबूला बांधून दगड चौथऱ्यावर नेला. साऱ्या गावासमोर त्याने ओला कागद लावला, ब्रशने ठोकून अक्षरांत बसवला, वर शाई फिरवली आणि सोलून काढला. अक्षरं कागदावर आली. देव जागचा हलला नाही.

म्हातारी कागदाकडे बघतच राहिली. "येवढंच नेनार व्हतास? मंग आदी बोलायचं ना रं, मेल्या!"

तक्रार गैरसमजातून झाली, असा 'क' समरी अहवाल मी कोर्टाकडे पाठवला आणि तो मंजूर झाला. कोणावर खटला झाला नाही. भरावाची हद्द चौथऱ्यापासून दूर सरकवावी म्हणून त्या अधिकाऱ्याने अर्ज केला. त्यावर पहिला अंगठा म्हातारीने उठवला आणि हद्द खरोखरच सरकली.

आम्ही शिकलेली माणसं, आपल्याला काय करायचं आहे ते आपल्याला माहीत आहे, एवढ्यावरच समाधान मानतो. त्या केसनंतर मी कुठल्याही गावात मोजणीची टेप काढण्याआधी चार माणसांना बोलावून सांगत असे, की मी काय करणार आहे आणि काय नेणार नाही. त्यात थोडा वेळ जाई. पण त्यानंतर माझ्यापासून कोणी काही लपवल्याचं मला आठवत नाही.