पुसलेले शहर

लिहिण्याचा अधिकार नसताना उतारवयात हे धाडस करतो आहे. वाचकांनी क्षमा करावी. संगमनेरला आमच्या शेजारी राहणारे पोस्टातले एक कारकून प्राचीन इराणमधल्या एकाच शहराची चांदीची नाणी जमवीत. ते शहर नेमके कोठे होते, हे कोणालाच ठाऊक नाही. नाण्याच्या मागे, कोरलेल्या अग्निवेदीशेजारी, त्या शहराच्या नावाची पुसट अक्षरे असत. तेवढाच त्याचा पुरावा. "हं, हे बघा," असे पुटपुटत ते भिंग माझ्या हाती देत आणि मला अक्षरे दिसेपर्यंत श्वास रोखून धरीत.

एका दुष्काळी वर्षी दिवाळीत सोनईहून त्यांच्या आई आल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला मी गेलो, तेव्हा पाटावर ती सगळी नाणी लखलखत होती. आईंनी ती दुपारभर विटेच्या भुकटीने घासली होती.

"लई काळी पडली हुती," त्या मला म्हणाल्या. "औंदा रानात काय न्हाई. लक्षुमी तरी उजळ दिसू दे!"

कारकुनांनी एकेक नाणे उलटून पाहिले. पाठी गुळगुळीत झाल्या होत्या. भिंग खिशात ठेवून ते म्हणाले, "झ्याक केलंस, आई," आणि नाण्यांवर हळदकुंकू वाहिले.

पुढेही ते रोज भेटत, पावसाविषयी बोलत. पण "हे बघा" हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आले नाहीत. आई मात्र दर दिवाळीला तीच नाणी मागून घेत आणि घासायला बसत. तुम्ही असता, तर त्यांना खरे सांगितले असते का?