केशरबाईच्या जटेचा अभिषेक

भिवराबाई धनगरीण कुणालाही भेटली की आधी तोंडाकडं बघायची नाही, डोक्याकडं बघायची. बायका ओट्यावर बसलेल्या असल्या तर बोलता बोलता एखादीची बट चिमटीत धरायची, लोकर पारखावी तशी बोटांत फिरवायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची.

"तुझे केस पाण्यागत पातळ. उन्हाळ्यात तेल थापू नगंस, रिठ्याच्या पाण्यानं नुसते निथळ." "तुझे केकताडागत राठ. आदल्या रोजी करडीचं तेल जिरव, न्हाईतर भांडे घासायच्या कामाला येतील." कुरळ्या केसांची नवी सून दिसली की तिला फार आनंद व्हायचा. "ही आमच्यातली! आंबट ताक लाव आन् बोटानं सोडव. फणी हातात घेतलीस तर बघ."

"आमाला काय मेंढ्या समजायलीस का गं?" बायका हसून विचारायच्या.

"मेंढ्या बऱ्या माय. सांगितल्यालं ऐकतेत."

तिचा नवरा उमाजी मात्र डोक्यानं तळहातासारखा स्वच्छ होता. समदी विद्या आधी त्याच्यावरच चालवून बघितली असणार, असं बायका तिच्या तोंडावर म्हणत. भिवराबाई कधी रागावली नाही. "त्येचं काम देवानंच उरकलंय," म्हणायची.

तिचं माहेर गंगेच्या काठचं. आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आठ वर्षांची असताना बापानं काटेकुसळांनी गच्च झालेली एक म्हातारी मेंढी तिच्यापुढं बसवली आणि सांगितलं, हिचा गुंता सोडव, कातर मिळायची नाही. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत बोटांना जी सवय लागली ती जन्माची. पुढं लग्न झालं, चार लेकरं झाली, दोन देवानं ठेवून घेतली, दोन हाताशी आली. रझाकारांच्या धामधुमीत कळप घेऊन तीन महिने रानोमाळ काढले. त्या दिवसांचं कुणी विचारलं तर एवढंच सांगायची, "डोईला तेलाचं बोट मिळालं न्हाई बघा." सुखदुःखसुद्धा ती असं केसांवरून ओळखायची.

दर उन्हाळ्यात त्यांचा कळप गंगाखेडच्या अलीकडं रामकिशनच्या रानात बसायला यायचा. रानाला खत मिळायचं, धनगरांना जोंधळा. रामकिशनची बायको केशरबाई. घर मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि केस गुडघ्यापर्यंत, असे दाट की अंबाडा घातला तर दुसरं डोकं बसवल्यागत दिसायचं. आपल्या केसांना कुणाचा सल्ला लागत नाही, असं तिचं ठाम मत. भिवराबाई दर साली सांगायची, "दाट केस आन् उन्हाळा म्हंजे सवतीसवती. ओला अंबाडा बांधू नगा, रोज मोकळा करा." केशरबाई मान फिरवायची.

आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याला त्या वैशाखात सहा महिने झाले होते. राज्य बदललं, ऊन तेच राहिलं. विहिरीनं तळ गाठला. डोक्यावरून न्हाणं आठवड्यावरून पंधरवड्यावर गेलं, पंधरवड्यावरून महिन्यावर. फाल्गुनात खळ्यावर मळणी चालू असताना केशरबाईनं डोक्याला भरपूर तेल चोपडलं, अंबाडा आवळला आणि कोंड्याच्या धुरळ्यात आठ दिवस उभी राहिली. नंतर न्हायला पाणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही होता. महिन्यानं अंबाडा सोडायला गेली तर तो सुटेना. मानेवर मनगटाएवढी एक वळकटी झाली होती, घोंगडीसारखी घट्ट.

सून घाबरली आणि तिनं शेजारच्या पार्वतीबाईला हाक मारली. पार्वतीबाई देवीची आराधीण. मन निर्मळ, नेमधर्म कडक. फक्त देवी तिला जरा लवकर दिसायची. तिनं वळकटी बघितली आणि हात जोडले. "आई आली गं माय! जट हाय ही. हिला आता फणी लावायची न्हाई, लोखंड लावायचं न्हाई." लगेच हळदकुंकू वाहिलं आणि वैशाखी पौर्णिमेला केशरबाईच्या हाती परडी द्यायची असं ठरवून टाकलं. एकदा परडी घेतली की ती जन्मभराची. दर मंगळवारी पाच घरं जोगवा मागायचा, आणि जट मरेपर्यंत तशीच वागवायची.

पहिले आठ दिवस केशरबाईला हे सगळं फार आवडलं. बसायला पाट, पाठीला लोड, पाया पडायला आख्खी गल्ली. जी सून एरवी दोनदा सांगितल्याशिवाय हलत नव्हती ती आता सांगायच्या आधी पाणी आणून देई, दोघींचं दळणही एकटीच दळी. एवढं सुख सासूपणातही मिळालं नव्हतं.

मग ऊन वाढलं. जटेखाली घामोळं उठलं. वर रोजचं तेल, हळदकुंकू आणि बायकांनी भक्तीनं लावलेला गूळ. गुळाच्या वासानं मुंग्या आल्या. लोक पाया पडायला वाकले की वरून देवीला खाजवायचीही चोरी.

गुरुवारी भर दुपारी, पौर्णिमेला चार दिवस राहिले असताना, केशरबाई पदर डोळ्यांपर्यंत ओढून रानात आली. भिवराबाई बाभळीखाली चिंध्यांची चुंबळ वळत बसली होती.

"या, केशरबाई. का आईच म्हणायचं आता?"

"भिवरे, थट्टा करू नगंस." केशरबाई मटकन बसली. तिचे डोळे भरून आले होते. "पंधरा दिवस झाले, डोळ्याला डोळा न्हाई. डोक्यात इस्तू ठेवल्यागत व्हायलंय. सोमवारी परडी हातात आली की मरस्तवर हेच."

"मंग सांगा की, न्हाई झेपत म्हणून."

"कसं सांगू? देवी आली, आन् मी म्हणू खाजायलंय? लोक तोंडात शेण घालतील. आन् आई कोपली तर?"

भिवराबाईनं पदर बाजूला केला आणि वळकटी दोन बोटांत दाबली. जोंधळ्याचा कोंडा, धूळ, तेलाचा राप. अशा शंभर मेंढ्या तिनं सोडवल्या होत्या. तरी तिनं झटकन हात मागं घेतला. ती काही नास्तिक नव्हती. कळप हलवायचा तरी आधी देवीला नारळ फोडणारी बाई. खरंच आई असली तर? डोळे मिटून तिनं मनातल्या मनात आईला हात जोडले.

"आसं हाय केशरबाई," शेवटी ती म्हणाली, "आई आसंल तर माझ्या बोटाला सुटायची न्हाई. माझी काय टाप? आन् गुंता आसंल तर सुटंल. पर चोरून न्हाई करायचं. पार्वतीबाईच्या म्होरं करायचं."

"ती करू देईल व्हय?"

"बघू."

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर ती देवळात गेली. पार्वतीबाई सहाणेवर चंदन उगाळत होती.

"पार्वतीआक्का, ही उटी कुणाला?"

"आईला. उन्हाळाभर रोज लावते की. उनाचा दाह होतो तिला."

"आन् आंघोळ?"

"दोन येळा. शुक्रवारी दह्यादुधाचा अभिषेक."

"व्हय का?" भिवराबाईनं देवीपुढं डोकं टेकवलं आणि उठता उठता म्हणाली, "मंग केशरबाईच्या डोक्यातली आई काय पाप करून आली? महिना झाला, ना पाणी ना उटी. वर लुगड्याचा जाड पदर. मुंग्या बी लागल्या म्हणं."

पार्वतीबाईचा हात सहाणेवरच थांबला. तिनं वळून देवीकडं बघितलं. "अगं माय! माझ्या ध्यानातच कसं आलं न्हाई? उद्या शुक्रवार. उद्या अभिषेक करायचा. मीच सांगते घरोघरी."

"तुमालाच सुचणार आक्का," भिवराबाई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी केशरबाईच्या अंगणात गल्ली जमली. जिच्या तिच्या घरून तांब्या-तांब्या पाणी आलं. अभिषेकाला नाही कोण म्हणणार? पार्वतीबाई शेजारी पाटावर बसली, डोळ्यांत तेल घालून. फणी नाही, कात्री नाही. भिवराबाईनं हात वर करून दाखवले, "ही दहा बोटं, आक्का. देवानंच दिलेली."

आधी दही, मग तूप, मग कोमट करडीचं तेल. ते मुरेपर्यंत बायकांनी देवीची गाणी म्हटली. मग रिठ्याचं पाणी. भिवराबाईनं वळकटीला वरून हात लावलाच नाही. खालच्या टोकाशी बसली आणि एक एक केस सुटा करत वर चालली. कोंडा गळाला. जोंधळ्याचे दोन दाणे पडले.

"आईनं परसाद दिला," मागून एक म्हातारी म्हणाली.

"खळ्यावरला दिसायलाय," दुसरी पुटपुटली आणि पदरात हसली.

मध्येच केस ताणला गेला आणि केशरबाई जोरात ओरडली. पार्वतीबाई ताडकन उठली. "थांब! आई कोपली!"

भिवराबाईची बोटं जागच्या जागी थांबली. भ्याली तीही, पण आवाज तिनं हलू दिला नाही. "आई न्हाई आक्का, केशरबाई कोपल्या. आईचा आवाज एवढा बारीक आसतो व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. पार्वतीबाई खाली बसली, पण मान पुढं काढून. आणखी तासभर ती तशीच बघत राहिली, आणि केस सुटत राहिले. माथ्याजवळची शेवटची गाठ सगळ्यात घट्ट होती. भिवराबाईनं तिथं पुन्हा तूप जिरवलं, ओठांतल्या ओठांत आईचं नाव घेतलं आणि अंगठ्यानं दाबली. गाठ ढिली झाली. दुपार व्हायच्या आत गुडघ्यापर्यंतचे केस अंगणात मोकळे पसरले.

आता सगळ्यांचे डोळे पार्वतीबाईकडं. तिनं ते केस मुळापासून टोकापर्यंत हातात घेऊन बघितले. कुठं काही अडतंय का म्हणून दोनदा बघितले. मग ते कपाळाला लावून म्हणाली, "आई थंड झाली. न्हाली, धाली आन् आपल्या देवळात गेली. आता परडी कशाची द्यायची?"

"लय बरं झालं," केशरबाई म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हंजे... आईची मर्जी."

सोमवारी देवळात येऊन देवीची ओटी भर, एवढं पार्वतीबाईनं बजावलं. केशरबाईनं मान डोलवली आणि डोलवता डोलवताच भिंतीला टेकून झोपी गेली. ओले केस खांद्यावर, तोंड उघडं, आणि घोरणं थेट गल्लीपर्यंत. सून पायलीभर जोंधळा घेऊन दळणाला निघाली होती. तिनं सासूला उठवायला हात पुढं केला, थोडी थांबली, आणि पायली घेऊन एकटीच जात्याकडं गेली.

"आज झोपू दे," भिवराबाई तिला म्हणाली. "उद्यापासून निम्मं निम्मं दळा."