सुमेधाच्या भुवया

आटपाट बेंगळूर होतं. तिथे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर एक अज्जी राहायची, म्हणजे मी. माझा मुलगा व्यंकू, आनेकलच्या कारखान्यात सुपरवायझर. सून हुबळीला बँकेत, महिन्यातून दोनदा येते. आणि नात सुमेधा, सरकारी विद्यापीठात सायकॉलॉजी शिकणारी. तिच्या त्या अभ्यासाचे किस्से आमच्याकडे इतके साठलेत, की डब्यात भरायचे असते तर माळा पुरला नसता!

पण आधी अडचण सांगते. सुमेधा लेखी परीक्षेत वरचे मार्क मिळवायची आणि प्रॅक्टिकलात नापास झाली होती. व्यंकू म्हणाला, "ह्या वेळी नाही सुटलीस, तर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात तुझ्यासाठी जागा बघून ठेवलीय. सायकॉलॉजी बंद!"

सुमेधाने माझा हात धरला आणि मला खुर्चीत बसवलं.

*

ह्या प्रॅक्टिकलाला एक जिवंत माणूस लागतो. त्याच्यावर प्रयोग करायचा. त्याला सब्जेक्ट म्हणतात. मी झाले सब्जेक्ट! मजुरी एक कप कॉफी, आगाऊ.

पहिल्या दिवशी तिने कॉलेजातून एक पत्रा आणला. त्यात चांदणीच्या आकाराची खाच. हात फळीआड लपवायचा, समोरच्या आरशात बघत सळई खाचेतून फिरवायची. कडेला लागली की टक्‌ वाजतं, ती चूक.

आरशात सगळं उलटं! मी पुढे न्यावी तर आरशात सळई मागे पळते. टक्‌ टक्‌ टक्‌! साठ वर्षं रांगोळी काढणारी बाई मी, मला घाम फुटला.

मग मी डोळे मिटले आणि खाचेच्या अंगाअंगाने सळई अलगद फिरवून आणली. एकदाही टक्‌ नाही.

"अज्जी, डोळे उघड! आरशात बघायचं असतं!"

"आरसा खोटं सांगतोय हे मला कळलंय," मी म्हटलं, "आता परत त्याला कशाला विचारू?"

*

मग चित्रांची परीक्षा. एक आकृती वर, चार खाली. वरच्याशी जुळणारी खालची दाखवायची. सोपी संपली, अवघड आली, आणखी अवघड आली. माझं एकही चुकेना!

सुमेधा हुरळून गेली. "अज्जी, तू किती हुशार आहेस!"

"मी? मला तर शेवटची दहा चित्रं कळलीच नाहीत."

"मग उत्तरं कशी दिलीस?"

"बोट एकेका चित्रावरून नेत होते. बरोबरपाशी आलं की तुझ्या भुवया वर जातात."

तिने आपल्या भुवयांना हात लावून बघितला. मग हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी परीक्षकांनी हेच लिहिलं होतं. सब्जेक्टला मदत करते."

तेव्हा मला पोरीचं दुखणं समजलं. समोरचा अडला, की हिच्याच्याने बघवत नाही!

*

औषध मीच काढलं. रोज संध्याकाळी तिने समोर बसायचं, मी गोष्ट सांगायची, आणि तिने चेहरा हलवायचा नाही. हसली की डाव संपला.

पहिल्या दिवशी माझ्या लग्नाची गोष्ट घेतली. वऱ्हाडाची बस चुकीच्या गावात थांबली. मांडव दिसला, सनई ऐकू आली, मंडळी उतरली आणि सरळ पंगतीला बसली. जिलबी वाढून झाल्यावर कुणीतरी विचारलं, तुम्ही कुणाकडचे? आमच्याकडे पोचले ते तीन तास उशिरा! माझे वडील संतापलेले. नवरदेव, म्हणजे हिचे अज्जा, शांतपणे म्हणाले, "जेवण उत्तम होतं, पण नवरी पसंत पडली नाही."

सुमेधाच्या नाकातून कॉफी आली.

*

महिनाभराने शाईच्या डागांची कार्डं निघाली. काय दिसतं ते सांगायचं. मी म्हटलं, "शाई सांडली आणि वाळायच्या आत कुणीतरी कागद दुमडला." माझी चौकशी तिथेच संपली.

मग तिने व्यंकूला बसवलं. पहिलं कार्ड, "तुटलेलं बेअरिंग." दुसरं, "झिजलेला गिअर." नऊ कार्डं, नऊ बिघडलेले पार्ट!

दहाव्या कार्डाकडे तो बराच वेळ बघत बसला. "ही तू," तिला म्हणाला. "सायकॉलॉजीची पाटी लावून एकटी बसलीयस. आणि कुणी काही विचारायलाच येत नाही."

मी सुमेधाकडे पाहिलं. भुवई नाही, ओठ नाही, काही हललं नाही. तिने शब्दन्‌शब्द लिहून घेतला, "पुरे, अण्णा" म्हणाली आणि कार्डं गोळा केली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ चालू होता.

*

परीक्षेला प्रत्येकीने आपापला सब्जेक्ट आणायचा. जन्मात शाळेची पायरी चढले नव्हते, चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकदम विद्यापीठाची चढले!

पण तिथे चिठ्ठ्या टाकून सब्जेक्ट वाटतात. मी गेले दुसऱ्याच मुलीकडे, आणि सुमेधाच्या वाट्याला कुणाचे तरी आजोबा आले, कन्नड बोलणारे. बिचारे इतके घाबरलेले, की प्रत्येक उत्तरानंतर विचारत, "सरीना अम्मा?" बरोबर ना, बाई?

मागे परीक्षक मॅडम वही घेऊन उभ्या.

सुमेधा तेवढंच म्हणायची, "मुंदे हेळी." पुढे सांगा.

"सरीना?"

"मुंदे हेळी."

मी शेजारच्या टेबलावरून बघत होते. आजोबांनी रुमालाने कपाळ पुसलं, चष्मा काढला, परत घातला. सुमेधाचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा!

प्रयोग संपला तशी आजोबा उठून माझ्यापाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का, ह्या मुलीच्या घरी स्वल्प काही दुःख आहे का हो?"

*

निकाल मोबाईलवर यायचा होता. व्यंकूने रजा टाकली होती, पण निकालासाठी टाकली हे कबूल करत नव्हता. चांगला चालणारा मिक्सर खोलून बसला होता.

अकराला सुमेधा खोलीतून बाहेर आली आणि समोर उभी राहिली.

"काय झालं?" व्यंकूने विचारलं.

तोच मूर्तीसारखा चेहरा.

"सुटलीस?"

चेहरा तसाच.

"नाही सुटलीस?"

तरी तसाच.

व्यंकूने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मिक्सरकडे बघत म्हणाला, "असू दे. परत बस परीक्षेला. त्या बेळ्ळंदूरवाल्यांना मी नको म्हणून कळवतो."

मी उठले, कढई चढवली, तूप सोडलं आणि रवा घातला.

"आई, हे काय?"

"शिरा."

"आत्ता? अगं, ती अजून एक शब्द बोलली नाही!"

"म्हणून तर!"

सुमेधाने मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काजू घाल."