घडीमावशीनं आखलेला खोका

पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे घडीमावशी म्हणत. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांनी आखलेल्या खोक्यांना घड्या घातल्या. खोका हातात आला की तो कुठं फाटणार हे तिला आधीच कळायचं. पण घड्या घालणारीला विचारतो कोण?

एके दिवशी साहेबांनी टेबलांच्या रांगेशेजारी कॉम्प्युटर मांडला. त्यात खोका आखायचा, बटण दाबलं की पडद्यावरच तो घड्या होऊन उभा.

"ज्याला सुचेल त्यानं आखा," साहेब म्हणाले. "काचेच्या बरणीसाठी खोका हवाय. चिकटवायचा नाही, अन् बरणी फुटता कामा नये. शनिवारी दुपारपर्यंत जमला तर आपला, नाहीतर बाहेरून आखून घेऊ."

बाकीच्यांनी दोन दिवस पडद्यावर फुलं काढली अन् नाद सोडला. मावशीनं मात्र जेवणाच्या सुट्टीत तिथंच ठाण मांडलं. निदान एक खोका आपल्या डोक्यातला निघायलाच हवा, एवढंच तिनं मनात धरलं होतं. रेघ ओढायला गेली की पडद्यावरचा अख्खा खोका घरंगळायचा. ती पुन्हा ओढायची.

"वहिनी, डबा खा," शेजारच्या टेबलावरची नणंद ओरडायची. "पडद्याकडं बघून पोट भरतं होय?"

"तुझ्या दादाच्या तोंडाकडं बघून निम्मा जन्म काढला. हा निदान बटण दाबलं की हलतो तरी!"

शुक्रवारी पडद्यावर खोका झोकात उभा राहिला. तसा पुठ्ठ्याचा नमुना कापला, तर झाकण मिटेचना.

"नवरदेव देखणा, पण तोंडच मिटेना!" नणंद खिदळली.

मावशीनं खोका उलगडला, कड चाचपली अन् कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरमधला पुठ्ठ्याच्या जाडीचा रकाना तिनं कोराच सोडला होता. आजवर तो अंदाज बोटंच घेत आली. आकड्यात सांगायची वेळच आली नव्हती.

"राहू दे आता. उद्या शनिवार," नणंद म्हणाली.

"शनिवार दुपारी. सकाळ माझी आहे."

सकाळी तासभर आधी येऊन तिनं दहा पुठ्ठे एकावर एक रचले, पट्टीनं मोजले, दहानं भागलं. रकाना भरला, एकेक रेघ केसभर सरकवली. या खेपेला झाकण गपकन बसलं.

साहेबांनी बरणी आत घातली, खोका कमरेइतका उचलला. "सोडू?"

"कमरेवरून काय? खांद्यावरून सोडा."

सगळ्यांचे हात थांबले. खोका धपकन आदळला. साहेबांनी उघडला, बरणी धड.

"पास! लावा कापायला."

"थांबा," मावशीनं खुर्ची पडद्याकडं ओढली. "डावा कोपरा अजून ढिला आहे. दुपारला दोन तास आहेत."