विहिरीवर राहिलेली घागर

मराठी भाषकांचं राज्य नवं झालं, तेव्हा बुलढाण्याच्या आमच्या चर्चमध्ये मीही नवाच उपदेशक होतो. ऐकणाऱ्यांकडून दाद म्हणून एक तरी ‘आमेन’ मिळावं, एवढीच इच्छा. बायबलमधली विहिरीवर पाण्याला आलेली बाई, प्रभू येशूकडून पुन्हा तहान लागू न देणारं जिवंत पाणी मिळताच, गावाला सांगायला धावली, हे मी इतकं रंगवलं की माझ्याच घशाला कोरड पडली. ‘आमेन’ एकही नाही; बाया पदराने वारा घेत बसल्या.

रोज चढ चढून पाणी आणणाऱ्या माझ्या मावशीने मधेच विचारलं, “अन् तिच्या घागरीचं काय झालं रे?”

मी घाईने उतारा पाहिला. “विहिरीवरच राह्यली, मावशी.”

“मंग हे आधी सांगाचं ना!” ती बायांकडे वळली. “घागर विसरली म्हंजे तिची तहान खरंच भागली वं!”

दणदणीत ‘आमेन’ आलं.

तो उपदेश मी आता घागरीपासूनच सुरू करतो. समोर मावशी असली, तर तिचं नाव घेऊन.