नामदेवभाऊंचं खरचटलेलं विमान

बेलापूरचा पूल उतरलो तेव्हा विमान माझ्या हातात होतं आणि नामदेवभाऊ कडेच्या कठड्यावर बसून चपलेत गेलेला खडा काढत होते.

"वैनी, पंखाला धरू नका. पोटाखालून धरा, तान्ह्या पोराला धरता तसं."

मी पोटाखालून धरलं. दोन हात पसरले तर मावेल न मावेल एवढं ते विमान. डाकोटा म्हणतात त्या जातीचं, दोन पंख्यांचं, जुन्या काळातलं. प्लास्टिकचं असलं तरी भाऊंचा जीव त्यात असल्यामुळे मला ते भरल्या कळशीसारखं जड वाटत होतं. खारघरहून निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं, आता डोक्यावर आलं होतं. नेरूळ अजून लांब.

रिक्षा का केली नाही, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. मागे एकदा भाऊंनी रिक्षा केली होती, तर पहिल्याच स्पीडब्रेकरला विमानाची केसाएवढी एरियल मोडली. ती पुन्हा चिकटवायला त्यांना आख्खा श्रावण लागला. "ज्याला रस्त्याचा धक्का सोसत नाय त्याला पायीच न्यायचा," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, विमान आहे ना ते?" तर म्हणाले, "म्हनून तर. त्याला रस्त्याची सवय नाय."

मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत. पण मी काही हौसेने निघाले नव्हते. मला भाऊंच्या बायकोने, सगुणावहिनींनी, साक्षीदार म्हणून पाठवलं होतं.

त्याचं असं झालं. त्यांच्या मुलाने, धनेशने, आईसाठी धुण्याचं मशीन घेऊन दिलं. ते लागणार बाल्कनीत, कारण नळ आणि पाणी जायची मोरी तिथेच. आणि बाल्कनीत भाऊंचं विमानाचं टेबल. त्यामुळे मशीन खोक्यातच हॉलमध्ये बसलं. त्याच्यावर रिमोट, चष्मे, औषधं, पाहुणे आले की चहाचा ट्रे. सत्यनारायणाच्या दिवशी तर भटजी त्याच्यावरच चौरंग समजून कलश मांडायला लागले होते, मी अडवलं. शेवटी सगुणावहिनी गुडघा चोळत म्हणाल्या, "नेरूलला तुमचा तो प्रदर्शन हाय ना? जा घेऊन. घराबाहेरचा एक तरी मानूस तोंडानं बोलला, 'चांगला केलाय', तर बाल्कनी तुमची. नाय बोलला कोन, तर रविवारी मशीन तिथं. आनि वैनी जातील सोबत. त्या देवाच्या हाईत, खोटं बोलायच्या नाय."

माझा उपास होता त्या दिवशी, तोही त्यांनी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला.

नामदेवभाऊंची गंमत समजायची तर त्यांची नोकरी सांगायला हवी. रबाळ्याच्या एका कारखान्यात ते लोखंडी कपाटांना रंग मारत. पुढे बढती मिळाली ती रंग तपासायची. हातात बॅटरी घेऊन कपाटाभोवती फिरायचं, आणि नखाएवढं खरचटलेलं दिसलं तरी खडूने फुली मारून कपाट परत पाठवायचं. ही खोड घरी आली. लग्नाकार्यात लोक नवरा-नवरी बघायचे, हे खुर्च्यांचे पाय बघायचे. माझ्या नव्या फ्रिजला दारामागे ओरखडा आहे हे मला त्यांनीच दाखवलं. तोवर मी सुखी होते.

रिटायर झाले आणि उलटंच सुरू झालं. धनेशने नातवासाठी विमानाचे सुटे भाग आणले, नातवाने चाकं तेवढी खेळायला घेतली, उरलेलं आजोबांनी जोडलं. रंगवलं. तसं काम पुन्हा आमच्या सोसायटीत कोणी केलं नसेल, आरशासारखं. मग ते त्याच्याकडे आठवडाभर बघत बसले आणि म्हणाले, "हा खोटा दिसतो. कधी कुठं गेलाच नाय असा."

तेव्हापासून ते खरचटं पाडतात. आधी सगळं विमान चंदेरी रंगवायचं. सुकलं की थोडं पाणी लावून वर जाड्या मिठाचे खडे पेरायचे. त्याच्यावर हिरवा रंग. रंग सुकला की अंगठ्याने मीठ चोळून काढायचं, की खडा होता तिथे खालची चंदेरी डोकावते. अगदी पत्र्याचा रंग उडाल्यासारखी. हे मीठ सगुणावहिनींच्या माहेरचं, मिठागरातलं. लोणच्यासाठी ठेवलेलं. त्यापायी एका वर्षी लोणचं बुरसलं आणि विमान मात्र टिकलं.

"जलमभर लोकांची खरचटं पकडली," वहिनी मला भिंतीपलीकडून ऐकू येईल अशा म्हणायच्या, "आता घरात बसून स्वतः पाडतो. कंपनीला कळला तर पेन्शन बंद करतील."

तर चाललो होतो. बेलापूरच्या पुढे एका इमारतीचा वॉचमन उठून उभा राहिला. विमान नीट निरखून म्हणाला, "काका, कलर गेलाय पूर्ण. मारून घ्या एकदा."

भाऊंचा चेहरा उजळला. "ऐकलात वैनी? पूर्ण गेलाय म्हनला!"

"ही तक्रार आहे भाऊ. कौतुक नाही."

"माज्या कामात तक्रार हाच कौतुक."

"वहिनींनी 'चांगला' हा शब्द सांगितलाय."

न्यायाधीशाचं काम किती वाईट असतं ते मला त्या रस्त्यावर कळलं. मी मनातल्या मनात नाम घेत चालत राहिले.

सीवूड्सच्या अलीकडे एक गावदेवीचं देऊळ लागतं. मी पायरीशी टेकले तेवढ्यात बाहेर फुलं विकणाऱ्या म्हातारीने भाऊंना थांबवलं. "नवा हाय?"

"नवाच."

म्हातारीने वाकून पाहिलं. "मंग असा कसा? सेकंडहँड घेतलास का रं? फसवला तुला."

भाऊ इतके खूश झाले की त्यांनी गजरा विकत घेऊन माझ्याकडे दिला. गजऱ्याचे पैसे कनवटीला लावून म्हातारी म्हणाली, "कसाबी असूदे, नवा हाय ना? रिकाम्या कपालानं नेऊ नको." आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत तिने ओलं बोट कुंकवात बुडवून विमानाच्या नाकावर टेकवलं. टेकवलं आणि सवयीने वर ओढलं.

त्यांचा रंग खडबडीत, त्यात ओलं कुंकू मुरलं. पुसायला गेलं तर हिरवा रंगही निघायचा. आणि देवीचं कुंकू पुसायचं कसं, हा माझा वेगळाच प्रश्न. दोघंही तसेच चालायला लागलो. मध्येच डोक्यावरून एक खरं विमान खाली उतरत गेलं. भाऊ मान वर करून उभे राहिले.

"आमच्या बांधावर ब्रेक मारतात," ते म्हणाले. "बाल्कनीतून बरोबर दिसतो. भाताचा खाचर होता आमचा तिथं, विमानतळात गेला. पहिल्यांदा विमान उतरला ना, मी सगुनाला बोललो, बघ, आपल्या शेतात पाव्हना आला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन लागली तिथं, तर मना उभा रायला जागा नाय वैनी."

नेरूळला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. टेबलांवर ओळीने विमानं, रणगाडे, जहाजं. आमच्या टेबलाशी परीक्षक आला, ऋषी नावाचा तिशीतला मुलगा. स्वभावाने गोड. हातात बॅटरी. बॅटरी बघितल्यावर भाऊ ताठ उभे राहिले. आयुष्यभर ते बॅटरीच्या अलीकडे होते, त्या दिवशी पहिल्यांदा पलीकडे.

"काका, शेपटीच्या टोकाला एवढा रंग का उडालाय?"

"कावले बसतात."

"विमानावर?"

"उभा असला का कोनावर बसत नाय? आमच्या होड्या हाईत ना खाडीत, त्यांचा टोक आधी जातो. कावल्यांनी."

ऋषीने वहीत काहीतरी लिहायला पेन उचललं आणि न लिहिताच खाली केलं. "आणि हे दार? इथून माणसं चढतात, सामान चढतं, हात लागतात. इथं रंग एकदम नवा."

भाऊ दाराकडे बघत राहिले. ते विमानात कधी चढले नव्हते. होडीला दार नसतं.

"बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "दार राहिला."

मग ऋषीने बॅटरी नाकावर नेली आणि वाकला. "ओहो. हे मात्र चांगलं केलंय! गंज असा वाऱ्याने मागे ओढला गेल्यासारखा. एकदम नैसर्गिक. कोणता रंग वापरला?"

शब्द आला होता. 'चांगलं'. घराबाहेरचा माणूस, स्वतःच्या तोंडाने. नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या गजऱ्याकडे पाहिलं.

"ते कुंकू आहे," मी म्हटलं. "देवळाबाहेरच्या म्हातारीने लावलंय."

"कुंकू?" ऋषीने बोट लावून बघितलं, बोट लाल झालं. "कमाल आहे. कुठं बसतात त्या?" आणि त्याने खरोखर पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या टेबलावरचे दोघे तिघेही लिहून घ्यायला आले. आमच्या विमानाला काही मिळालं नाही, पण त्या म्हातारीला बहुतेक गिऱ्हाईक मिळालं.

परतीच्या वाटेवर विमान भाऊंनीच घेतलं होतं. मी थोडी मागे. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, मी वहिनींना जे झालं तेच सांगणार. कौतुक झालं, पण ते म्हातारीच्या हाताचं."

"तेच सांगा. मी कपाट पास केला नसता, तुमी कसा करनार?" ते दहा पावलं गप्प चालले. मग एकदम थांबले, तपासायला थांबावं तसे.

"वैनी, तुमच्या बाल्कनीत पन नल हाय ना? आनि मोरी?"

"आहे की."

"आनि तुलस सोडली तर रिकामीच."

"भाऊ..."

"सगुनाशी खोटं नका बोलू. हरलो ते हरलो. सगुना बोलली रविवारी मशीन बाल्कनीत लागली पायजे. कोनाच्या बाल्कनीत, ते ती बोलली नाय." त्यांनी विमान एका हातावर तोललं आणि दुसरा हात छातीशी नेला. "तुमच्याकडं लावू द्या ना. तुलशीला सोडून जागा मोजतो. पाइप मी टाकतो, लाइटीचा बिल मी भरतो, आनि सगुना येईल तवा तुमचे पन कपडे टाकेल त्यात. फक्त तिला सांगायचा काम तेवढा तुमी करा."