पहिले मानूस, मंग तारा

चित्र छातीशी घट्ट धरायचं. छापील बाजू सदऱ्याकडे, मागची बाजू वर्गाकडे. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं मुंग्यांसारखं बारीक अक्षर. पहिल्या बाकावरून डोळे ताणले तरी वाचता येत नसे. मग दोन्ही भुवया वर नेऊन म्हणायचं, "पहिले मानूस, मंग तारा!"

हे आमचे नाना. जळगावात पिंप्राळ्याच्या अलीकडे आमची शाळा, तिथे ते चित्रकला शिकवत. मूळचे साक्रीकडचे. पंचवीस वर्षं जळगावात काढली, पण जिभेवरची साक्री काही उतरली नव्हती. मी त्याच शाळेत विज्ञानाचा शिक्षक. पदवीधर. आता तुम्हीच सांगा, आकाशावर हक्क कुणाचा?

पण मुलं माझ्या तासाला जांभया देत आणि चित्रकलेच्या तासाला दारातून आत घुसण्यासाठी मारामारी करत. नाना ग्रहताऱ्यांचं चित्र छातीशी धरून आधी माणूस सांगत. परदेशी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्या खगोलशास्त्रज्ञांना नात्यात घेतलं होतं. द्वंद्वयुद्धात नाक कापलं गेल्यावर धातूचं नाक लावून फिरणारे ते नाकवाले आबा. दुर्बिणीचा आरसा घासणाऱ्या भावाला हाताने घास भरवणारी आणि पुढे स्वतः धूमकेतू शोधणारी ती अक्का. मुलांचा जीव त्या माणसात अडकला की मग चित्र उलटत. आणि वर्ग "आऽऽ" करी. तो "आऽऽ" मला भिंतीपलीकडे ऐकू येई. त्या वेळी मी फळ्यावर ग्रहांची अंतरं लिहीत असे.

एकदा सहामाहीत मी प्रश्न घातला, 'ग्रहांच्या स्थानांची काटेकोर निरीक्षणं कोणी केली?' अकरा मुलांनी लिहिलं, 'नाकवाल्या आबांनी.' मी लाल पेनाने शून्य दिलं. मुख्याध्यापकांनी बोलावून म्हटलं, "उत्तर बरोबर आहे हो. नुसतं नाव घरगुती आहे."

घरगुती!

चित्रांचीही तीच तऱ्हा. परदेशातल्या अंतराळ संस्थेला मी शाळेच्या छापील कागदावर, टाइप करून, निर्दोष इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. उत्तर नाही. नानांनी एअरलेटरवर मोडकंतोडकं चार ओळींचं लिहिलं आणि उरलेल्या जागेत स्केचपेनने कडीसकट शनी काढून दिला. दोन महिन्यांत चित्रांचं हे जाडजूड पाकीट! टपाल वाटणारा शिपाई ते माझ्या नाकाखालून घेऊन गेला. नाना म्हणाले, "भाऊ, तुमनं बी यी. टपालले येळ लागस." माझंही येईल म्हणून मी रोज वाट पाहिली. कुणाला कळू न देता.

मग शाळेत मुलांचं आकाश मंडळ निघालं. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, पालक मेळाव्यात दोघांनी बोलायचं. ज्याचं बोलणं रंगेल, त्याच्याकडे मंडळ. मला ते मंडळ हवं होतं. मुलांसाठी नव्हे, नानांना मिळू नये म्हणून. खोटं कशाला बोलू?

मी एक बेत केला. आमच्याकडे मांडे भाजायचं मातीचं खापर होतं, ते चुलीवर पालथं घालतात, तसं. धुराने काळं, खड्ड्याखड्ड्यांचं. सकाळच्या तिरप्या उन्हात ते गच्चीवर नेऊन जवळून फोटो घेतला. बायकोने विचारलं तर सांगितलं, "ऊन दाखवतोय." स्टुडिओतून मोठी प्रत काढली. अहाहा! हुबेहूब नानांच्या पाकिटातला गुरूचा काळा, खड्डेवाला चंद्र. मेळाव्याच्या दिवशी नानांच्या गठ्ठ्यातला तो चंद्र काढून मी त्या जागी खापर सरकवलं. नाना चित्र उलटेपर्यंत त्याच्याकडे बघत नसत, क्रम पाठ होता. त्यांनी उलटलं की उभं राहायचं आणि शांतपणे विचारायचं, "नाना, हा चंद्र कुठला?"

माझं भाषण झालं. पुढच्या रांगेतले दोन पालक झोपले.

नाना उठले. चित्र छातीशी. त्या दिवशी माणूस होते इटलीतले आजोबा. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले, पुढे स्वतःच्याच घरात कैदेत राहिले, आणि शेवटी डोळेच गेले. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. नानांनी चित्र उलटलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो, तोच बायकांच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "अगं बाई! हे तर माझं मांड्यांचं खापर! आखाजीच्या सणाला गेलेला तडा बघा की!"

आवाज माझ्या बायकोचा. खानदेशातली बाई आपलं खापर हजारांत ओळखते, हे आम्ही पदवीधर विसरलो होतो.

सभागृह हसून हसून लोळलं. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नानांनी चित्र लांब धरलं, जवळ आणलं. पुन्हा लांब धरलं.

"हाऊ फोटो कोनी काढा?"

अर्धा उठलेला मी हळूच पुन्हा खुर्चीत बसलो.

"ज्यानी काढा, त्यानी उजेड कसा तिरपा लिधा, देखा! म्हनीसन खड्डा दिसतस." मग माझ्या बायकोला हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमना चुल्हावर चंद्र शे, आनि आपन बठ्ठा परदेशना टपालनी वाट देखतस!"

टाळ्यांचा कडकडाट. माझ्या फोटोवर, माझ्या बायकोच्या खापरावर टाळ्या नानांना! मंडळ अर्थात त्यांना मिळालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा चंद्र मुकाट्याने परत केला. ते एवढंच म्हणाले, "खापर मनाजोडे राहू द्या भाऊ." आणि तो फोटो आपल्या गठ्ठ्यात ठेवून चहा मागवला. असा संताप आला मला! भांडले असते तर बरं वाटलं असतं.

नाना निवृत्त झाले तेव्हा सगळी चित्रं गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली आणि दुपारच्या गाडीने साक्रीला गेले. मी ती गुंडाळी उघडली नाही. उपकार वाटत होते. दोन वर्षं ती कपाटावर पडून होती. मग साक्रीहून एक कार्ड आलं. नाना गेले होते.

त्या दिवशी मी दोरी सोडली. प्रत्येक चित्रामागे मुंग्यांसारख्या अक्षरात त्याचा त्याचा माणूस होता. नाकवाले आबा, अक्का, आजोबा. सर्वांत खाली खापर. पाठ माझ्याकडे. तिच्यावरही मुंग्या होत्या.

'ह्या माणसाला आकाशाची फार हौस. दुसऱ्याच्या हातात चित्र दिसलं की राहवत नाही. याच्या पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून याने स्वतःच एक चंद्र तयार केला.'

आकाश मंडळ पुढे माझ्याकडे आलं. बाकीची सगळी चित्रं मी मुलांना दाखवली. खापर मात्र कधी दाखवता आलं नाही, कारण आधी माणूस सांगावा लागतो.

तो आज तुम्हाला सांगून झाला. थांबा, आता चित्र उलटतो.